हेकलरचं मूळ कूळ

शनिवार आला की मला एखाद्या शब्दाचं मूळ उकरायची खुमखुमी येते. या वेळचा शब्द 'हेकल'. स्टँडअप कॉमेडीमुळे तो आता आपल्याही ओळखीचा झालाय. मंचावर कुणी बोलत असताना प्रेक्षकांतून मध्येच ओरडणारा तो हेकलर. थोडक्यात, आगाऊ माणूस!

पण मुळात हेकल हे एक अवजार आहे. लाकडी फळीवर लोखंडी, टोकदार दाते ठोकलेला फणाच म्हणा ना. जवसाच्या खोडापासून निघालेले तंतू त्यातून पुन्हा पुन्हा ओढायचे. काडीकचरा आणि आखूड धागे दात्यांत अडकतात, लांब सरळ तंतू हातात राहतात. त्यांचं सूत काततात आणि त्या सुताचं लिनन. हे विंचरण्याचं काम करणारा तो हेकलर. कवी रॉबर्ट बर्न्स १७८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या आयर्विनला हाच धंदा शिकायला गेला होता.

मग या कारागिराचा सभेशी काय संबंध? त्यासाठी जायचं डंडीला. स्कॉटलंडमधलं हे शहर तेव्हा लिननसाठी प्रसिद्ध. तिथले हेकलर म्हणजे संघटित आणि जहाल मतांचे कामगार. असं सांगतात की कामाच्या वेळी त्यांच्यातला एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा आणि बाकीचे हात चालू ठेवून प्रत्येक बातमीवर वाद घालायचे. पुढे स्कॉटलंडमध्ये निवडणुकीच्या उमेदवाराला भर सभेत उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडणं, याला 'हेकल करणं' म्हणू लागले.

गंमत म्हणजे 'टीज' या इंग्रजी क्रियापदाचाही जुना अर्थ लोकर पिंजणं असाच आहे. आणि आपण नाही का एखादा विषय 'पिंजून काढत'?

मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. आरडाओरडा करून भाषण बंद पाडायला वक्त्याचं काही ऐकावं लागत नाही. पण तो बोलला त्यातला काडीकचरा वेगळा काढायचा, तर त्याचा शब्द न् शब्द ऐकावा लागतो. आमच्या कॉम्प्युटरमध्ये इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, त्याची दखल घेतो आणि बहुतेक वेळा पुन्हा मूळ कामाला लागतो. उमेदवारानेही एवढंच करायचं होतं.

पुढे एकोणिसाव्या शतकात विंचरायची यंत्रं आली आणि हाताने काम करणारे हेकलर मागे पडले. त्यांचं नाव राहिलं, पण ते फुकट गोंगाट करणाऱ्यांना चिकटलं. हे काही बरं झालं नाही.