पोल्गस्दूव ते उडवत्तकॅले : एका परदेशी महाथेरांचे वार्धक्य

पाश्चात्त्य देशांतून येऊन संघात प्रविष्ट झालेल्या भिक्खूंचा इतिहास आपल्याकडे बहुधा ग्रंथसूचीच्या रूपाने सांगितला जातो. कोणी कोणता निकाय अनुवादिला, कोणता कोश रचला, कोणत्या साली तो प्रसिद्ध झाला, एवढे नोंदले की चरित्र पुरे झाले असे मानण्याची प्रथा आहे. ते ग्रंथ लिहिणारी शरीरे कोणत्या हवेत राहिली, आजारी पडल्यावर त्यांच्या उशाशी कोण बसले, हा प्रश्न अभ्यासकांना गौण वाटतो. प्रस्तुत लेखकाला तो तसा वाटत नाही. घर सोडलेला मनुष्य परमुलखात वृद्ध होतो तेव्हा त्याचे कोणी करावे, ह्याचे स्पष्ट उत्तर विनयपिटकात आहे. ते विसाव्या शतकात श्रीलंकेत कसे आचरले गेले, हे भदंत ञाणतिलोक महाथेर यांच्या उत्तरायुष्यावरून दिसते.

महाथेरांचे पूर्वाश्रमीचे नाव आंतोन ग्युएथ. जन्म १९ फेब्रुवारी १८७८, जर्मनीतील वीसबाडेन येथे. संगीत शिकलेला हा व्हायोलिनवादक तरुण फिरत फिरत पूर्वेकडे आला, १९०३ साली ब्रह्मदेशात श्रामणेर झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने उपसंपदा घेतली. १९११ साली त्यांनी सिंहलद्वीपाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, दोडंदूव गावाजवळच्या रत्गम सरोवरातील पोल्गस्दूव ह्या बेटावर आश्रम स्थापिला. युरोपीय भिक्खूंसाठी उभे राहिलेले हे पहिले स्थिर निवासस्थान होय.

बेट म्हणजे काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. समुद्रालगतचे मचूळ पाणी, काठाला खारफुटी, आत दाट झाडी आणि झाडीत विखुरलेल्या कुट्या. भिक्षेसाठी गावात जायचे तर होडी. गावातून वैद्य आणायचा तरीही होडीच. एकांत साधला, पण रात्री एखाद्याला ताप चढला तर तो एकांतच संकट ठरे. हवा बारमाही दमट आणि उष्ण. हिवतापाच्या दृष्टीने हा किनारा मध्यभागातील कोरड्या प्रदेशांच्या मानाने बरा होता. १९३४-३५ च्या भयंकर साथीत बेटावरील सुमारे ऐंशी हजार माणसे दगावली, त्या साथीचा मुख्य तडाखा अन्यत्र बसला. परंतु ह्याच नैर्ऋत्य पट्ट्यात डासांमुळे होणाऱ्या हत्तीरोगाचे ठाणे होते. श्रीलंका त्यातून आणि हिवतापातूनही मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मान्य केले. म्हणजे महाथेरांच्या निधनानंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

त्यांच्या देहाने सोसले ते केवळ हवामान नव्हते. पहिल्या महायुद्धात ते जर्मन म्हणून ब्रिटिशांच्या कैदेत पडले. दियतलावेच्या छावणीतून त्यांना ऑस्ट्रेलियात नेले गेले. सुटकेनंतर चीनमध्ये पुन्हा बंदिवास. सिंहलद्वीपात उतरण्याची मनाई असल्याने काही वर्षे जपानमध्ये काढावी लागली, आणि १९२६ साली ते परतले तेव्हा बेटावरचा आश्रम पुन्हा उभारावा लागला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच क्रम: आधी दियतलावा, मग १९४१ पासून डेहराडून. तारांच्या कुंपणातून १९४६ साली बाहेर पडले तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. एवढ्या वयाचा मनुष्य मायदेशी जाईल अशी कोणाचीही अपेक्षा असती. महाथेर पोल्गस्दूवला परतले. पुढे १९५० साली त्यांनी श्रीलंकेचे नागरिकत्व स्वीकारले आणि कागदोपत्रीही ते परके उरले नाहीत.

येथे पालि ग्रंथांकडे वळणे आवश्यक आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात शरद ऋतूतील आजाराने भिक्खू कृश व निस्तेज झाल्याची हकीकत येते. खाल्लेले पोटात टिकेना, तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ह्या पाच वस्तू औषध म्हणून अनुज्ञात केल्या. आधी केवळ योग्य वेळी, म्हणजे मध्यान्हापूर्वी, आणि तेवढ्याने भागेना म्हणून अवेळीही. पुढे पिलिंदवच्छ थेरांच्या डोकेदुखीसाठी आणि वातविकारासाठी तेल, नस्य, शेक अशा सवलती एकेक करून दिलेल्या आढळतात. नियम आधी आणि आजारी माणूस नंतर, असा हा क्रम नाही. आजारी माणूस समोर येतो आणि नियम त्याच्यासाठी जागा करून देतो. आपल्याकडे विनय म्हणजे नुसत्या निषेधांची जंत्री असे समजणाऱ्यांनी हा खंधक एकदा सावकाश वाचावा.

चीवरक्खंधकातील प्रसंग अनेक वाचकांना परिचित असेल. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला भगवंतांना आढळतो. त्याने इतरांचे कधी काही केले नाही म्हणून इतरही त्याचे करीत नाहीत. भगवंत आनंदांकडून पाणी आणवतात, त्याला धुतात, उचलून मंचकावर ठेवतात आणि मग संघाला सुनावतात: येथे तुमची आई नाही, बाप नाही; तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? यानंतर जबाबदारीचा क्रम सांगितला आहे. उपाध्याय असेल तर त्याने शिष्याचे आजन्म करावे, आचार्याने करावे, सद्धिविहारिकाने, अंतेवासिकाने करावे. कोणीच नसेल तर ती जबाबदारी साऱ्या संघाची. दयेवर सोपविलेली ही गोष्ट नाही. न करणाऱ्यास दोष लागतो.

महाथेरांच्या बाबतीत हा क्रम अक्षरशः उतरला. बेटावरची उष्णता म्हातारपणी सोसेना, तेव्हा १९५१ साली ते महानुवर म्हणजे कॅंडी येथे, दंतधातू मंदिरामागच्या उडवत्तकॅले अरण्यातील आश्रमात राहावयास गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरील ही जागा थंड, पण पावसात जळवांनी भरलेली. शहराचे दवाखाने मात्र होडीवाचून गाठता येत होते, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या मनुष्याला हा फरक लहान नव्हता. त्यांच्यापाठोपाठ त्यांचे शिष्य भदंत ञाणपोनिक तेथे आले. जुने जर्मन शिष्य वप्पो हेही त्या आश्रमात राहिले. अन्न मात्र दोन्ही ठिकाणी सिंहली उपासकांच्याच घरून आले. ह्या अन्नदात्यांची नावे कोणत्याही ग्रंथसूचीत नाहीत. विशुद्धिमग्गाचा महाथेरांनी केलेला संपूर्ण जर्मन अनुवाद १९५२ साली प्रसिद्ध झाला; त्या ग्रंथावर सिंहली स्वयंपाकघरांचेही काही ऋण आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

असे साह्य जवळ नसले म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरणही त्याच परंपरेत आहे. पोल्गस्दूवचे इंग्रज भिक्खू ञाणमोलि, विशुद्धिमग्गाचे इंग्रजी अनुवादक, १९६० च्या मार्च महिन्यात पायी चारिका करीत असता एका खेड्यात हृदयविकाराने अकस्मात गेले. वय चोपन्न. मज्झिमनिकायाच्या त्यांच्या अनुवादाचे हस्तलिखित संस्कारावाचून मागे राहिले.

आणखी एक वृद्ध परदेशी व्यक्ती येथे आठवते. ञाणपोनिकांच्या मातोश्री नाझींच्या छळातून निसटून १९३९ साली कोलंबोत आल्या. मुलगा भिक्खू, तोही लवकरच कैदेत; तरी एका सिंहली बौद्ध कुटुंबाच्या आधाराने त्या तेथे राहिल्या आणि १९५६ साली तेथेच वारल्या. विनयाचा नियम त्यांना लागू नव्हता. उपासकांनी मात्र तो आपल्या घरापर्यंत आणला होता.

ह्याच दशकात इकडे दिल्लीत बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी जर्जर होऊन ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहीत होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने ते कॅंडीला गेलेही होते. उडवत्तकॅलेचे अरण्य तेथून हाकेच्या अंतरावर. महाथेर तेव्हा अजून तेथे राहावयास आले नव्हते. संसार आटोपून उतारवयात प्रव्रज्या घेतलेले भिक्खू आज महाराष्ट्रातील विहारांतही आहेत. पुण्यानुमोदनाला त्यांना बोलावणारी घरे पुष्कळ असतात. त्यांची औषधे आणून देणारी किती, ते ज्या त्या विहाराच्या उपासकांनी मोजावे.

रंगूनच्या सहाव्या संगीतीच्या उद्घाटनाला, १९५४ साली, महाथेर ञाणपोनिकांसह गेले. पाश्चात्त्य जन्माचे हे दोघेच तीत सहभागी झाले. १९५६ च्या समारोपाला मात्र प्रकृतीने साथ दिली नाही. अखेरच्या काळात त्यांना कोलंबोत आणावे लागले आणि २८ मे १९५७ रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचे निर्वाण झाले. अंत्यसंस्कार सरकारी इतमामाने झाले. दोन युद्धांत ज्या भूमीवरून त्यांना कैदी म्हणून हलविले गेले, त्याच भूमीने हा मान दिला.

चीवरक्खंधकात मृत भिक्खूच्या पात्रचीवरांविषयीही एक व्यवस्था आहे. संघ हा त्यांचा स्वामी असला तरी ग्लानाची सेवा करणारे बहूपकारी असतात, म्हणून पात्र आणि चीवरे संघाने त्यांना द्यावीत. महाथेरांच्या बाबतीत त्याहून मोठा वारसा शिष्याकडे गेला. ञाणपोनिकांनी उडवत्तकॅलेचा आश्रम सोडला नाही. १ जानेवारी १९५८ रोजी दोन सिंहली उपासकांसह त्यांनी बौद्ध प्रकाशन संस्था सुरू केली, आणि गुरूंच्या पारिभाषिक कोशाची सुधारून वाढविलेली आवृत्ती १९७२ साली काढली. पुढे तेही वृद्ध झाले. दृष्टी इतकी मंदावली की वाचन थांबले, तेव्हा धम्मविषयक ध्वनिफिती ते ऐकत असत. आता गुरूंच्या जागी ते होते आणि शुश्रूषा करणारे तरुण होते. १९ ऑक्टोबर १९९४ रोजी, वर्षावासाच्या अखेरच्या पौर्णिमेला पहाटे, त्यांनी त्याच अरण्यातील कुटीत देह ठेवला. वय त्र्याण्णव वर्षांचे होते.