कारच्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतोय? मग आधी गळती शोधा!

एप्रिल-मे महिन्यात बीड जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. परळी, माजलगाव किंवा केजहून रुग्णाला अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात न्यायचं असो, नाहीतर सोलापूर-धुळे महामार्गावरून भरदुपारी प्रवास असो, गाडीचा एसी ही चैन राहत नाही. नेमका तेव्हाच एसी गरम हवा फेकू लागतो. गॅरेजवाला म्हणतो, "गॅस संपलाय, भरून देतो." पण गॅस संपतो म्हणजे नेमकं काय होतं?

गॅस 'संपतो' का?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तोच गॅस बंद पाइपांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीजवळच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना केबिनमधली उष्णता शोषून घेतो. रबरी पाइप आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा गॅस कमी होतो. पण एक-दोन महिन्यांत कुलिंग गेलं, तर कुठेतरी गळती आहेच.

गळती बहुतेक कुठे होते?

- कंडेन्सर : सगळ्यात पुढे असल्याने खडे लागतात, धूळ-चिखल बसून गंजतो.
- पाइपांच्या जोडावरच्या ओ-रिंग : उष्णतेने कडक होऊन चिरतात.
- गॅस भरायचे व्हॉल्व्ह : टोपण नसेल तर आत धूळ जाते.
- कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील : एसी अनेक महिने बंद ठेवल्यास कोरडं पडतं.
- कुलिंग कॉइल : शोधायला सर्वांत अवघड, कारण डॅशबोर्ड खोलावा लागू शकतो.

गळती कशी शोधतात?

गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. त्यामुळे जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर तो पहिला पुरावा. मेकॅनिक संशयाच्या जागी साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहतो. बारीक गळतीसाठी चमकणारा रंग सोडून अतिनील दिव्याने तपासतात किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फिरवतात. यंत्रणा रिकामी असेल, तर नायट्रोजनचा दाब देतात. ऑक्सिजन मात्र कधीच भरू देऊ नका. तेलाशी संपर्क आल्यास स्फोट होऊ शकतो.

गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर घाबरू नका. ते कुलिंग कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं झालेलं पाणी असतं. शिवाय पंखा बंद पडणं किंवा केबिन फिल्टर तुंबणं यामुळेही कुलिंग कमी होतं.

दुरुस्तीचा योग्य क्रम

१. उरलेला गॅस मशीनने काढून घेणं.
२. खराब ओ-रिंग, पाइप किंवा कंडेन्सर बदलणं. यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल, तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलणं.
३. किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारून हवा आणि ओलावा काढणं. मग पंप बंद करून काटा सरकतो का ते पाहणं.
४. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस, लिहिलेल्याच ग्रॅममध्ये, वजन करून भरणं.

फक्त गेजचा दाब पाहून गॅस भरणं हा अंदाज असतो. कमी भरला तर कॉम्प्रेसरला तेल पुरत नाही, जास्त भरला तर दाब वाढतो. दोन्हींत कुलिंग घटतं.

गॅस सोडून देऊ नका

अनेक गाड्यांमध्ये आर-१३४ए गॅस असतो. तो हवेत गेल्यास १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. म्हणजे अर्धा किलो गॅस सोडणं हे साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखं. असे वायू कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

स्वस्तात घरगुती एलपीजी भरून देण्याची ऑफर मिळाली, तर सरळ नकार द्या. तो पेट घेणारा गॅस आहे आणि कुलिंग कॉइलची गळती थेट केबिनमध्ये होते. दुरुस्ती आणि गॅस स्वतः हाताळू नका. उच्च दाबाचा द्रव त्वचेवर उडाला तर हिमदंश होतो, डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका.

गॅरेजमध्ये तीनच प्रश्न विचारा : गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ मारला? गॅस किती ग्रॅम भरला? तिन्ही उत्तरं बिलावर लिहून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात तेच कामाला येईल.