खेचरांच्या वाटेवर सायकल

बाबा मागे मे महिन्यात आमच्याकडे मेरीलँडला आले आणि तिसऱ्याच दिवशी कंटाळले. इथे फुटपाथ आहेत, पण त्यांवर माणूस दिसत नाही. "अरे, इथं लोक राहतात ना नक्की?" असं त्यांनी दोनदा विचारलं. गाडी चालवता येत नाही, टीव्हीत मन रमत नाही. मग शनिवारी सकाळी गाडीच्या मागे दोन सायकली अडकवल्या आणि त्यांना घेऊन कालव्यावर गेलो.

बाबा सायकल शिकले तेच कालव्यावर. बारामतीच्या बाजूला नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून ते शाळेत जायचे. आता वय बाहत्तर, आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून सायकल हाकायला आईने सक्त मनाई केलेली. त्यामुळे "मोटार नाही, फटफटी नाही, नुसता मुरूम आणि बारीक खडी, आणि तीही जवळजवळ तीनशे किलोमीटर" असं मी म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना.

तर हा चेसापीक अँड ओहायो कालवा. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनपासून डोंगरातल्या कंबरलंड गावापर्यंत १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर, पोटोमॅक नदीच्या कडेकडेने जातो.

"पाणी कुठल्या शेताला जातं?" बाबांचा पहिला प्रश्न. कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपल्याकडे कालवा म्हटलं की फाटे आले, चाऱ्या आल्या, पाळी आली आणि पाळीवरून भांडणं आली. हा कालवा शेतीसाठी नव्हताच. पोटोमॅकमध्ये खडक आणि धबधबे, मालाची नाव चालणार कशी? म्हणून नदीशेजारी दुसरं शांत पाणी खणलं. नाव ओढायला खेचरं. खेचरं दोर घेऊन काठाने ज्या वाटेवर चालायची तिला टोपाथ म्हणतात, आणि आम्ही सायकल चालवत होतो ती हीच वाट.

या वाटेला चढ जवळजवळ नाहीच. कंबरलंड जॉर्जटाऊनपेक्षा ६०५ फूट उंच आहे, पण पाणी उतारावर उभं राहत नाही, त्यामुळे कालवा जिन्यासारखा बांधावा लागला. लांबच लांब सपाट पट्टा, मग एक पायरी, मग पुन्हा सपाट. अशा ७४ पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे एक लॉक, दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी कोठी. खाली उतरणारी नाव वरच्या दारातून आत यायची, दार बंद व्हायचं, मग खालच्या दारातल्या झडपा उघडून पाणी सोडायचं. नाव पाण्याबरोबर आठेक फूट खाली बसली की खालचं दार उघडायचं आणि खेचरं पुढे चालू लागायची. कोठी पंधरा फूट रुंद, नाव साडेचौदा फूट! दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच.

दारं उघडायला प्रत्येक ठिकाणी एक माणूस, त्याला शेजारी घर आणि परसात भाजीपुरती जमीन. "म्हणजे पाटकरीच की!" बाबा म्हणाले. अगदी तोच. फक्त याला कोणी कोंबडी देऊन रात्री जादा पाणी मागत नसावं. नाव रात्रीबेरात्री कधीही यायची, लांबून शिंग वाजायचं, की हा कंदील घेऊन बाहेर.

कालव्याची सुरुवात मोठी मजेशीर आहे. ४ जुलै १८२८, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स स्वतः कुदळ-फावडं घेऊन उभे. पहिला घाव घातला तो झाडाच्या मुळावर. दुसरा, तिसरा, माती काही निघेना. तेव्हा त्यांनी सरळ कोट काढून ठेवला आणि पुन्हा भिडले, आणि जमलेल्या लोकांनी जल्लोष केला. त्याच दिवशी चाळीस मैलांवर बाल्टिमोरला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची कोनशिला बसत होती. एकाच दिवशी, एकाच दिशेला, एकाच मालासाठी दोन वाटा! रेल्वे कंबरलंडला पोचली १८४२ साली. कालवा पोचला १८५० साली. पुढे ओहायो नदीपर्यंत जायचं होतं, ते राहूनच गेलं. म्हणजे कालवा पुरा झाला त्या दिवशीच जुना झालेला होता.

खणणारे कोण? बरेचसे आयर्लंडहून आलेले मजूर. १८३२च्या उन्हाळ्यात वस्त्यांमध्ये पटकी आली, माणसं पटापट मेली, उरलेली पळाली. १८३४च्या जानेवारीत कामाच्या तंगीत कॉर्क आणि लाँगफर्ड या दोन भागांतल्या आयरिश टोळ्या एकमेकांवर उठल्या, आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी लष्कर धाडलं. मजुरांच्या तंट्यात या देशाच्या केंद्र सरकारने सैन्य वापरलं ते इथे पहिल्यांदा. पॉ पॉचा बोगदा १८३६ला सुरू झाला, मध्ये पैसे संपून काम बंद पडलं, उघडला १८५०ला. ३,११८ फूट लांब, साठ लाखांवर विटा. काही वर्षांपूर्वी दोन मित्रांबरोबर मी ही अख्खी वाट पाच दिवसांत केली, तेव्हा त्या बोगद्यातून टॉर्च धरून सायकल ढकलत गेलो होतो. आत कठड्याच्या लाकडात दोरांनी घासून पडलेल्या खाचा हाताला लागतात. त्या अंधारात तिथे बराच वेळ कोणी बोललं नाही.

नावांवर कुटुंबंच्या कुटुंबं राहायची. खेचरांच्या दोन जोड्या, एक ओढणार आणि दुसरी नावेच्याच पुढच्या भागातल्या तबेल्यात विसावा घेणार. सहा-सहा तासांची पाळी. खेचरांना हाकायला पुष्कळदा घरातली पोरं. शंभरावर टन कोळसा घेऊन कंबरलंडहून निघालेली नाव पाच-सात दिवसांनी जॉर्जटाऊनला लागायची. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, कारण जास्त वेगाने लाटा उठून काठ ढासळत. १८७०च्या दशकात वर्षाला नऊ-साडेनऊ लाख टन मालही गेला. मग १८८९चा पूर आला, कंपनी बुडाली आणि कारभार त्याच बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या हातात गेला. १९२४च्या पुरानंतर नावा कायमच्या थांबल्या.

१९३८ साली सरकारने हे सगळं वीस लाख डॉलरला विकत घेतलं. त्या बेकारीच्या काळात सरकारी कामावर घेतलेल्या काळ्या तरुणांच्या दोन छावण्या इथे बसल्या, आणि जॉर्जटाऊनपासून सेनेकापर्यंतचे पहिले बावीस मैल त्यांनी दुरुस्त करून पुन्हा पाण्याने भरले. वरचा बाकी कालवा तसाच झाडाझुडपांत पडून राहिला.

आणि अशी पडीक, सपाट, सरकारी मालकीची लांब पट्टी दिसली की माणसाच्या मनात काय येतं? रस्ता! कालव्याच्या जागेवरून मोटारींसाठी नदीकाठचा सुंदर रस्ता काढावा अशी योजना आली, आणि ३ जानेवारी १९५४ला वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस या वाटेवर नेहमी चालणारे. त्यांनी पत्र लिहून संपादकांना आमंत्रणच दिलं, की माझ्याबरोबर सगळी वाट चालून बघा आणि मग लिहा. संपादकांनीही ते स्वीकारलं. मार्च महिन्यात कंबरलंडहून अठ्ठावन्न माणसं निघाली. थंडी, बर्फ, पायांना फोड. आठ दिवसांनी सबंध वाट चालून वॉशिंग्टनला पोचले ते नऊ जण, पंचावन्न वर्षांचे न्यायमूर्ती त्यांत. संपादक काही शेवटपर्यंत टिकले नाहीत, पण वर्तमानपत्राने आपलं मत बदललं. पुढे १९६१मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९७१मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान.

ही गोष्ट सांगताना लोक त्या अग्रलेखाला खलनायक करतात. मला ते जमत नाही. त्यांचं म्हणणं होतं की सुंदर खोरं आहे, रस्ता झाला तर चार जास्त लोक बघतील. यात वाईट काय? शहराजवळच्या थोड्या मैलांत असा एक रस्ता पुढे झालाही, आणि मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जातो, झाडी बघून खूशही होतो. १९५४ साली मला कोणी विचारलं असतं तर मी बहुतेक रस्त्याच्याच बाजूने सही केली असती. मात्र त्या शनिवारी बाबा माझ्या पुढे, हँडलवरचा एक हात सोडून, मान वळवून कासवं मोजत चाललेले बघितले आणि गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की रोजच्या रस्त्यावरून मला आजवर एकही कासव दिसलेलं नाही.

एक गंमत राहिली. ओहायोच्या दिशेला न पोचलेला हा कालवा सायकलने मात्र पोचला. कंबरलंडपासून पिट्सबर्गपर्यंतची १५० मैलांची सायकलवाट २०१३ साली पुरी झाली, तीही जुन्या रेल्वेमार्गांच्या जागेवरून! दोन्ही हाडवैरी आता एकाच वाटेला जोडलेले.

ग्रेट फॉल्सहून निघून आम्ही सेनेकाला पोचलो, आठेक मैल. तिथे तांबड्या दगडाच्या कमानींवरून कालवा ओढा ओलांडतो. एक कमान १९७१च्या पुरात गेली. डबा उघडायच्या आधी बाबा कडेला जाऊन वाकून बघून आले. मागे मैलभरावर नदीचं पाणी कालव्यात घेतात, तिथपर्यंत कालवा काठोकाठ, आणि इथून वर कंबरलंडच्या दिशेला बहुतेक कोरडं, पात्रात झाडं वाढलेली.

संध्याकाळी त्यांनी आत्याला फोन लावला. सुप्रीम कोर्ट नाही, राष्ट्राध्यक्ष नाही, बोगदा नाही. "अगं, इथं पाट आहे," ते सांगत होते, "पण उलटाच कारभार. आपल्याकडं टेलला पाणी पोचत नाही म्हणून मारामाऱ्या, आणि इथं टेलला तुडुंब आणि हेड कोरडं! आणि एक माणूस तक्रार करत नाही."