नळ, लसूण, गणपती

आमच्या घरात पहिलं चित्रांचं पुस्तक आलं ते १९७० साली, मिठाच्या पिशवीतून. निलंग्याच्या आठवडी बाजारात एक माणूस पोतं अंथरून बसायचा. पोत्यावर पंचांगं, हरिपाठ, आरत्यांची पुस्तकं आणि एका कडेला अंकलिप्या. आबांनी त्यातली एक उचलून आणली. मी चार वर्षांची होते. आबा दिवसभर रानात, आई चुलीपाशी नाहीतर गोठ्यात; तेव्हा मला घेऊन बसायला घरात एकटी आजीच मोकळी. ती अंकलिपी तिच्या मांडीवर आली. आजीला अक्षरओळख नव्हती.

पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. पहिलीच्या वर्गात बसणारी किती लेकरं घरून चार अक्षरं घेऊन येतात आणि ती त्यांना कुणी दिलेली असतात, हे मी दरवर्षी विचारायची. उत्तर बहुतेक वेळा आई, आजी, नाहीतर मोठी बहीण. त्यांतल्या कितीतरी जणींना स्वतःला वाचता येत नव्हतं. हे कसं जमत होतं, ते मला माझ्या आजीमुळं ठाऊक आहे. चित्र होतं म्हणून जमत होतं.

आजीच्या लहानपणी निलंगा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही १९१८ साली उर्दू माध्यमातच सुरू झालं. आजोबा उर्दूत सही करायचे आणि सावकारी हिशेबापुरती मोडी वाचायचे. बालबोध अक्षर घरात फक्त पोथीत होतं आणि पोथी पुरुषांच्या हातात. मुलगा पाच वर्षांचा झाला की त्याचा हात धरून धुळीत नाहीतर पाटीवर 'श्री' काढून घ्यायचे, 'ओनामा' म्हणून घ्यायचे. मुलीचा हात कुणी धरायचं नाही. त्या शिकण्यात चित्र कुठंच नव्हतं. अक्षर ज्याला येतं त्यानंच ते दुसऱ्याला द्यायचं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, १९५६ साली निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबादला जोडले गेले आणि आम्ही मराठी मुलखात आलो. १९६७ साली बालभारती सुरू झाली. आजीला यातलं काही कुणी येऊन सांगितलं नाही. तिच्यापर्यंत पोचली ती ही बाजारातली अंकलिपी.

तिनं ती कशी वाचली ते सांगते. एका चौकटीत एक चित्र, वर ठसठशीत अक्षर. आजी चित्रावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "काय दिसलालंय, सांग माय." मी नाव सांगायची, मग ती अक्षरावर बोट न्यायची. औत, ऐरण, एडका या चौकटी तर तिच्या स्वतःच्याच. औताच्या चित्रावर ती किती वेळ थांबायची! जू कुठलं, रुमणं कुठलं, चित्रकारानं एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा कसा काढलाय, सगळं सांगून व्हायचं. 'औ' माझ्या डोक्यात त्या बैलांसकट बसला.

अननसापाशी मात्र आम्ही अडायचो. अननस आमच्या घरात कुणी पाहिलेला नव्हता. खाली जाडजूड दाणेदार, वर पात्यांचा तुरा. आजीनं नीट निरखून सांगितलं, "कणीस हाय हे, मोठ्या जातीचं." मी शाळेत गेल्यावर पहिल्याच दिवशी मोठ्यानं म्हणाले, "अ कणसाचा." सगळा वर्ग हसला. नळही परकाच. आमच्याकडं पाणी आडाचं. पण नळ तिनं लातुरात पाहिला होता, म्हणून त्याचं नाव तिला ठाऊक होतं. आई शेजारी उभी असताना 'आ' साठी आईचं चित्र कशाला, आड काढायला पाहिजे होता, हे तिचं ठाम मत. ते मला आजही पटतं.

चित्रानं अक्षर शिकवण्याची ही गाठ जुनीच आहे. १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये कोमेनियस या शिक्षकानं लेकरांसाठी लॅटिन आणि जर्मन भाषेतलं सचित्र पुस्तक काढलं. त्याच्या सुरुवातीच्या अक्षरमालेत त्यानं वस्तूंची नावं घेतलीच नाहीत. प्राण्यांचे आवाज घेतले: 'अ' साठी कावळा, कारण तो 'आ, आ' ओरडतो, 'ब' साठी मेंढरू, कारण ते 'बे' करतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आजी आठवली. मेंढराला घरोघर वेगळी नावं असली, तरी ते ओरडतं एकाच तऱ्हेनं. 'अ कणसाचा' म्हणणाऱ्या लेकराला त्या पुस्तकानं शाळेत कुणाला हसू दिलं नसतं.

आपल्याकडं ताराबाई मोडकांनी हीच गोष्ट दुसऱ्या टोकानं धरली. त्यांचा नूतन बाल शिक्षण संघ १९२६ चा; पण १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि लेकरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शिंपले, बिया, पानं, जे दारात असेल त्यातून त्यांनी साधनं केली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो गावोगाव पोचला.

चित्र परकं असेल तर लेकरू अडतं, इतकंच मला वाटायचं. १९९३ नं मला दुसरी बाजू दाखवली. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागातली घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. त्या मातीखाली सुमारे ८ हजार माणसं गेली. मी तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये पहिलीचा वर्ग घ्यायची. अंकलिपीतलं 'घ' चं घर कौलारू, उतरत्या छपराचं, आमच्याकडं कधीच नसलेलं. तरी एक मुलगी त्या पानाशी आली की पुस्तक मिटायची. रडायची नाही, नुसतं मिटायची. मी सगळ्या प्रतींवर त्या चौकटीत कागद चिकटवला आणि त्यावर घागर काढली. त्या वर्षी आमच्या वर्गात 'घ' घागरीचा होता. पुढच्या वर्षीही मी कागद काढला नाही.

आता निलंग्यात पुस्तकं मिळतात. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मी माझ्या नातीला आणलं. त्यातली चित्रं अक्षराच्या दावणीला बांधलेली नाहीत. पानावर घर आहे, माणसं आहेत, आणि मोठ्या माणसानं लेकराशी बोलत राहायला भरपूर जागा आहे. महामारीनंतर, २०२२ साली, राज्यानं शाळापूर्व तयारीसाठी 'पहिले पाऊल' सुरू केलं, गल्लीगल्लीत आयांचे गट केले. आमच्या गल्लीतल्या गटात मी बसायची. एक आई मागं मागं राहायची, म्हणायची, मला वाचता येत नाही, मी काय शिकवू. मी तिच्या हातात चित्र दिलं आणि विचारलं, हे काय आहे ते लेकराला सांगता येईल का. ती पंधरा मिनिटं बोलत होती.

आजीचं एक राहिलं. १९७८ च्या सुमाराला आम्ही दोघी लातूरच्या स्टँडवर होतो. मी सातवीत जाणारी, पण उन्हानं चक्कर येऊन बाकड्यावर पडलेले. गाड्या लागत होत्या. आजी उठून एकेका पाटीसमोर जाऊन उभी राहायची. पहिलीपाशी गेली आणि परत आली. "ही औताची न सशाची हाय, औशालाच थांबंल." दुसरी उखळाची होती, म्हणजे उदगीरची. तिसऱ्या गाडीसमोर ती जरा जास्त वेळ थांबली, ओठ हलवत. वेलांटी, अनुस्वार, काना तिला कधीच आले नाहीत. ती तेवढं सोडून द्यायची. मग तिथूनच हात वर करून तिनं मला हाक मारली, "ऊठ माय. नळ हाय, लसूण हाय, गणपती हाय. आपलीच गाडी."