पंख्याची धाव

वऱ्हाडांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, शेंदूरजनाघाट हें संत्र्याच्या बागांचें गांव आहे. त्या बाजूच्या बैलगाडीचें चाक ज्यानें नीट पाहिलें असेल, त्याला विमानाच्या पंख्याची एक जुनी अडचण समजण्यास फार वेळ लागूं नये. चाक लांकडाचें, परंतु वाटेवरच्या गोट्यांशीं झुंजतें तें लांकूड नव्हे, तर त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. नांगराचेंहि तेंच. त्याला फाळ नसेल तर तो वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत किती वेळ टिकेल? झिजावयाचें तें लोखंडानें झिजावें, झिजलें म्हणजे तें बदलावें, आणि लांकूड मात्र वर्षानुवर्षें चालावें, असा हा सुताराचा व लोहाराचा करार आहे. विमानाचा पंखा लांकडाचा होता तेव्हां त्यालाहि हाच करार करावा लागला.

हवा म्हणजे काय दगड आहे, असें कोणी विचारील. थोडा हिशेब केला म्हणजे या शंकेचें उत्तर मिळतें. लहान विमानाचा पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट आहे आणि मिनिटाला २१०० फेरे घेतो असें धरूं. त्याचें टोक एका सेकंदांत सुमारे ६६० फूट, म्हणजे तासाला ४५० मैल धांवतें. मग विमान स्वतः शंभर मैलांच्याच वेगानें कां जात असेना! या वेगांत पावसाचा थेंब पाण्याचा राहत नाहीं, बंदुकीच्या छऱ्यासारखा लागतो. जमिनीवर इंजिन चालूं केलें कीं पंखा वाळू आणि खडे वर ओढून घेतो, तें निराळेंच. पात्याची पुढची कड प्रथम खरबरीत होते, मग लांकडाचे तंतू उभे राहतात, आणि त्यांतून पाणी आंत शिरतें. एक पातें दुसऱ्यापेक्षां किंचित् जड झालें कीं सारें विमान थरथरूं लागतें.

राइट बंधूंनीं १९०३ सालीं आपल्या पंख्यांचीं टोकें फाटूं नयेत म्हणून त्यांवर कापड सरसानें चिकटविलें होतें. कापडाचा उपाय पुढेंहि बरीच वर्षें चालला. परंतु समुद्रावरून उडणाऱ्या विमानांच्या पंख्यांवर लाटांचे तुषार येऊं लागले, तेव्हां कापड पुरेना. मग पितळेचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा आला. हें काम कसबी हाताचें आहे. पत्रा ठोकून कडेच्या वळणावर बरोबर बसवावयाचा, जाड भागांत स्क्रूनें व टोकाकडे रिव्हेटनें जखडावयाचा, त्यांचीं डोकीं डाख देऊन गुळगुळीत करावयाचीं. पातें उडतांना वांकतें, म्हणून पत्र्याला मधून मधून चिरा ठेवावयाच्या. नाहीं तर तोच तडकेल. आणि अगदीं शेवटीं, टोकाशीं, सुईनें पाडल्यासारखीं दोनचार बारीक छिद्रें. इतक्या खटाटोपानें बंद केलेल्या कडेला पुन्हां छिद्रें कशाला? पत्र्याखालीं ओल शिरतेच. ती फिरण्याच्या जोरानें टोकाकडे जाते आणि तेथून बाहेर फेंकली जाते. छिद्र बुजलें तर लांकूड आंतल्या आंत कुजतें.

पत्रा सैल होणें ही मात्र साधी गोष्ट नव्हे. वरच्याच हिशेबानें, टोकाला बसविलेला एक तोळा पितळ फिरतांना सव्वा मणाहून अधिक, आजच्या मापांत पन्नास किलोंहून अधिक, जोरानें बाहेर ओढला जातो. तो सुटला तर पंख्याचा तोल क्षणांत जातो.

आपल्याकडे या पंख्याची खरी परीक्षा पश्चिम घाटावर झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा पस मॉथ जातीचें विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादवरून जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल बल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. अहमदाबादेस विमानाचें पेट्रोल आलें तें बैलगाडींतून! पस मॉथचा पंखा दोन पात्यांचा व लांकडीच होता. जुहूचें मैदान समुद्राकांठचें, चिखलाचें. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई, म्हणून सारें बिऱ्हाड उचलून पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानावर न्यावें लागे. रेडिओ नाहीं, दिवे नाहींत, खालीं घाटाचे कडे व वर ढग. तरीहि १९३३ च्या पावसाळ्यांत मुंबई-मद्रासचें टपाल कराचीच्या जोडविमानास चुकलें नाहीं, अशी शाबासकी सरकारी अहवालानें दिली. त्या वर्षीं या विमानांनीं १,६०,००० मैलांचा प्रवास केला. शाबासकी वैमानिकांना मिळाली व ती योग्यच होती. पण पावसाच्या माऱ्यांत मैलोगणती फिरणाऱ्या पात्यांची कड रोज पाहणारे यंत्रकामगारहि तिचे वांटेकरी होत. लांकडी पंख्याचें विमान उभें करतांना पातीं आडवीं ठेवण्याची रीत आहे. उभीं ठेवलीं तर ओल खालच्या पात्यांत उतरते आणि सकाळीं तोल बिघडलेला असतो. ही एवढीशी गोष्ट विसरणारा माणूस अशा कामाला निरुपयोगी.

यानंतर धातूचे पंखे आले. अमेरिकेच्या सिल्व्हेनस रीड यांना ड्युरॅल्युमिनच्या पंख्याबद्दल १९२५ चें कॉलियर पारितोषिक मिळालें होतें, आणि हळूहळू लहान विमानांवरहि धातूच रूढ झाला. आतां झिजेची चिंता संपली, असें वाटण्यासारखें होतें. पण धातूची खोड निराळी. लांकडाच्या कडेची दुखापत डोळ्यांना दिसते. धातूच्या कडेवर खड्यानें पडलेली तांदळाएवढी खांच निरुपद्रवी भासते. पात्यावरचा सारा ताण त्या खांचेच्या तळाशीं एकवटतो, तेथून तडा वाढतो, आणि एके दिवशीं टोक तुटून इंजिनहि आपल्या चौकटींतून निसटूं पाहतें. म्हणून धातूच्या पात्याला धाव चढवीत नाहींत. बारीक कानशीनें कडेच्या लांबीच्या दिशेनें खांच घांसून तिचा उथळ, गुळगुळीत खळगा करतात. प्रत्येक वेळीं थोडा धातू जातो, आणि रुंदी ठराविक मर्यादेखालीं गेली कीं पातें टाकून द्यावें लागतें.

लांकूड मात्र हद्दपार झालें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर विमानांच्या कित्येक पंख्यांचीं पातीं दाबून घट्ट केलेल्या लांकडाचीं होतीं. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीजवळ बेलोरा येथें मुंबईहून पहिलें नियमित प्रवासी विमान आलें, तेंहि पंख्याचेंच, एटीआर जातीचें. त्याचीं पातीं संमिश्र द्रव्याचीं, आणि पुढच्या कडेला धातूचें कवच. टपालाच्या त्या पस मॉथपासून वाढत आलेल्या एअर इंडियानें याच बेलोऱ्यास वैमानिकांची शाळा काढण्याचें २०२४ सालीं जाहीर केलें. शिकाऊ वैमानिकाला उड्डाणापूर्वीं पात्याची कड बोटानें चांचपून पाहण्यास शिकवितात, आणि खडीवर उभें राहून इंजिनाचा वेग वाढवूं नये असेंहि बजावतात. लहान विमानांच्या कांहीं जर्मन बनावटीच्या पात्यांचा गाभा आजहि लांकडाचाच असतो. वर कांचतंतूंचें आवरण, आणि पुढच्या कडेला पोलादाची किंवा निकेलची पट्टी.