कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर

मी मूळचा साताऱ्याचा, बीटेक सांगलीत केलं, आता सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आजचा विषय आहे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत दुसरी चालवणं.

ही कल्पना पीसीपेक्षाही जुनी आहे. १९६० च्या दशकात खोलीभर मोठं मशीन एक आणि वापरणारे अनेक. १९६७ मध्ये अमेरिकेत, आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात सीपी-४० सुरू झालं. वाड्यात दहा बिऱ्हाडं, पण प्रत्येकाला वाटतं अख्खा वाडा आपलाच, तसं! १९७२ मध्ये त्यातूनच पुढे व्हीएम/३७० आलं.

पीसीवर हे जमायला वेळ लागला. प्रोसेसरच्या काही सूचना अशा, की आतल्या सिस्टिमने त्या दिल्या तरी बाहेरच्या सॉफ्टवेअरला पत्ताच लागायचा नाही. व्हीएमवेअरने त्या सूचना चालण्याआधीच बदलून टाकायची युक्ती काढली आणि १९९९ मध्ये वर्कस्टेशन बाजारात आणलं. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स ओपन सोर्स झालं. मग काय, विंडोज न उडवता लिनक्स शिकायची सोय झाली.

पण मराठीला याचा खरा उपयोग जुनं उघडायला आहे. आपल्याकडच्या छापखान्यांत वर्षानुवर्षं पेजमेकर चालायचं, सोबत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण डीटीपीवाल्यांपर्यंत ती फार उशिरा पोचली. तोवर प्रत्येकाचा कोड वेगळा. तो फॉन्ट नसेल, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. म्हणून सांगलीतल्या एका प्रेसमध्ये मी पाहिलं, की नव्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात एक्सपी आणि एक्सपीत पेजमेकर. शाळेची पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका जशीच्या तशी उघडली!

पण हा कायमचा इलाज नाही. आतल्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. फाइल उघडली की लगेच पीडीएफ करा आणि मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. तुमच्या गावच्या प्रेसमध्ये जुन्या सीडी पडून असतील, तर आधी त्यांची कॉपी काढा. सीडी आणि हार्ड डिस्क खराब झाली, तर कुठलंही व्हर्च्युअल मशीन काही करू शकत नाही.

भेटू पुढच्या एपिसोडला!