अडुळशाची व्हर्जन हिस्टरी

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर 'ब्रोमहेक्सिन' किंवा 'अँब्रोक्सॉल' हे शब्द तुम्ही वाचले असतील. या दोन्ही रेणूंचं मूळ आपल्या आज्यांच्या परसातल्या एका झुडपात आहे. अडुळसा!

संस्कृतात तो वासा, वासक. फुलाचा आकार जबडा वासलेल्या सिंहासारखा, म्हणून सिंहास्य हेही नाव. १६७२ मध्ये पॉल हरमान हा डच कंपनीचा डॉक्टर श्रीलंकेत आला आणि त्याने तिथल्या वनस्पती गोळा केल्या. त्या संग्रहावरून लिनियसने १७४७ मध्ये श्रीलंकेच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि १७५३ मध्ये या झुडपाला नाव दिलं 'जस्टिशिया अधाटोडा'. पहिला शब्द जेम्स जस्टिस या स्कॉटिश बागवेड्याचा. दुसरा तमिळ वळणाचा, अर्थ 'शेळी शिवत नाही ते'. म्हणजे स्वीडनमधल्या पंडिताच्या वहीत आपल्याकडच्या शेळ्या राखणाऱ्यांचं निरीक्षण जाऊन बसलं!

शेळी का शिवत नाही? पान कडू आणि उग्र वासाचं. म्हणूनच तो कुंपणाला लावायचे. त्याच कडू पानांतून १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी 'व्हॅसिसीन' वेगळं केलं. १९६० च्या दशकात त्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन आलं. अँब्रोक्सॉल हे त्याचंच पुढचं व्हर्जन: ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर तयार होतं तेच.

गंमत अशी, की औषध जगभर गेलं आणि झुडूप मात्र आपल्या कंपाउंडमधून गेलं. आमच्या सोसायटीत मागच्या भिंतीशी अर्धवट सावलीची पट्टी आहे. तिथे काय लावायचं यावर मीटिंगमध्ये पहिलं नाव निघालं ते ड्युरांटाचं, जो मूळचा अमेरिका खंडातला. अडुळसा म्हटल्यावर "काढ्याचं झाड शोभेला?" असा प्रश्न आला.

का नाही? अर्धवट सावली त्याला चालते, फक्त अगदी अंधारात फुलं कमी येतात. पावसाळ्यात वीतभर जून फांदी लावा, पाणी साचू देऊ नका. छाटला की दाट होतो. पांढऱ्या फुलांवर भुंगे, मधमाश्या येतात. एकच सूचना: पानं मनाने औषध म्हणून घेऊ नका, गरोदरपणात तर नाहीच.

मूळ सोर्स कोड फुकट उपलब्ध आहे मंडळी. निदान एक कॉपी आपल्या कंपाउंडमध्ये असायला काय हरकत आहे?